पांढऱ्या कार्डाची मुक्ताबाई

महापालिकेच्या मुख्य इमारतीत तळमजल्यावर, जिन्याच्या उजव्या अंगाला, आरोग्य खात्याची एक खिडकी होती. त्या खिडकीमागे आम्रपाली ओव्हाळ नऊ वर्षं बसत होती. शहरातल्या गरिबाला खाजगी रुग्णालयात मोठं ऑपरेशन करून घ्यायचं असेल, तर महापालिका आपल्या नागरी आरोग्य योजनेतून बराचसा भार उचलायची. पण त्यासाठी रुग्णालयाला महापालिकेचं पत्र लागे, आणि ते पत्र या खिडकीतून मिळे. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर पत्र मिळायचं. पांढरं असेल तर नाही. एवढाच नियम होता, आणि आम्रपाली तो पाळायची. खात्यात तिला शिस्तीची म्हणत. काही जण तोंड वाकडं करून म्हणत, पण म्हणत.

तिचं लहानपण खडकीला गेलं होतं. वडील दारूगोळा कारखान्यात कामाला. घरात कुणाला ताप आला की कारखान्याच्या दवाखान्यात जायचं, वडिलांचा नंबर सांगायचा आणि औषध घेऊन यायचं. तुम्ही गरीब आहात का, किती गरीब आहात, असं तिथे कुणी कधी विचारलं नाही. पुष्कळ वर्षं तिला वाटायचं, सगळ्यांना असाच दवाखाना असतो. खिडकीवर बसल्यावर तो गैरसमज पहिल्या आठवड्यातच गेला.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. जानेवारीतल्या एका सोमवारी मुक्ताबाई शेलार पहिल्यांदा खिडकीशी आली. पन्नाशीची, उंच, अंगाने पार उतरलेली नऊवारीतली बाई. दरवाजापासून खिडकीपर्यंत चालून आल्यावर तिला बोलताच येईना. तिच्या मुलाने, रणजितने, कागद पुढे सरकवले. हृदयाची झडप निकामी होत आली होती. ऑपरेशन लांबवू नये, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. कागद सगळे व्यवस्थित होते. रेशनकार्ड पांढरं होतं.

"हे चालत नाही," आम्रपाली म्हणाली.

"मॅडम, आम्ही कात्रजचे. जमीन होती ती गेली, बारा वर्षं झाली," रणजित म्हणाला. "जमिनीच्या पैशावरनं तलाठ्यानं उत्पन्न लिहिलं आन कार्ड पांढरं झालं. आता काय राहिलं नाय. मी कॉल सेंटरची गाडी चालवतो, ती पण दुसऱ्याची."

"तहसीलदारांकडून उत्पन्नाचा नवा दाखला आणा. कार्ड बदलून घ्या. मग या."

"अर्ज करून पाच महिने झाले, मॅडम."

"मग मी काय करणार?"

तिने ते रागाने विचारलं नव्हतं. तिला खरोखरच कळत नव्हतं, आपण काय करावं ते. पण खिडकीतून आलेलं असलं वाक्य बाहेरच्याला झिडकारल्यासारखंच लागतं. रणजितचा चेहरा उतरला. मुक्ताबाईने त्याचा दंड धरला आणि तुटक श्वासात म्हणाली, "चल रं. बाईंच्या हातातलं नाय ते."

तीन आठवड्यांनी दोघं पुन्हा आली. या वेळी रणजितने पुढे केलेलं कार्ड पिवळं होतं. त्यावर नाव होतं इंदुबाई लोखंडे, वय एकेचाळीस.

"रुग्णाचं नाव?" आम्रपालीने विचारलं.

"मुक्ता..." बाई सवयीने बोलून गेली. रणजित खोकला. बाईने मान खाली घातली. "इंदुबाई."

आम्रपालीने वर पाहिलं. बाईचे ओठ निळे पडले होते. वय एकेचाळीस नव्हतं, नाव इंदुबाई नव्हतं, आणि हे आपल्याला ठाऊक आहे हे त्या दोघांनाही कळलंय, हे तिला दिसत होतं. मागे रांगेत कुणीतरी "लवकर आवरा" म्हणून पुटपुटलं. आम्रपालीने पत्रावर इंदुबाई लोखंडे असं लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला.

असं का केलं, हे पुढे तिला पुष्कळांनी विचारलं. दर वेळी तिने वेगळं उत्तर दिलं, कारण खरं उत्तर तिलाही सापडलं नव्हतं. एवढं मात्र खरं, की त्या दिवशी घरी जाताना तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच भीती वाटत होती.

एप्रिलमध्ये वादळ उठलं. विरोधी पक्षाचे नगरसेवक रावसाहेब शेलार यांनी मुख्य सभेत अकरा नावांची यादी वाचून दाखवली. माहितीच्या अधिकारात कागद काढून त्यांच्या कार्यकर्त्यांनी पत्ते हुडकले होते. योजनेतून उपचार घेतलेली ही अकरा माणसं प्रत्यक्षात आजारीच नव्हती. त्यांच्या कार्डांवर भलत्यांचेच उपचार झाले होते. सातवं नाव इंदुबाई लोखंडे. महिन्यापूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालेली ही बाई मंडईत भोपळ्याची पाटी स्वतः उचलताना सापडली होती.

रावसाहेबांची मागणी होती, की ही योजनाच बंद करा. शहरातल्या गरिबांचा विमा एखाद्या कंपनीकडे उतरवा, कंपनी माणूस पारखून पैसे देईल. सत्ताधारी बाकावरून उत्तर आलं, की योजना म्हणजे शहराचा अभिमान आहे आणि तीत एकही बोगस लाभार्थी नाही. पुढचे पंधरा दिवस वर्तमानपत्रांत हेच चालू होतं. एक बाजू म्हणे सगळंच बोगस, दुसरी म्हणे बोगस औषधालाही नाही. नऊ वर्षं खिडकीवर काढलेल्या आम्रपालीला एरवी दोन्ही वाचून हसू आलं असतं. या वेळी आलं नाही. चौकशी समिती नेमली गेली होती, आणि सातव्या नावाच्या पत्रावर सही तिची होती.

तिने घरी सांगितलं. मुलगी कल्याणी हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकावर काम करायची. ती म्हणाली, "आई, टेक्निकली हे फ्रॉड आहे."

"टेक्निकली नाही गं. फ्रॉडच आहे."

कल्याणी तिच्याजवळ येऊन बसली. "माझ्या कंपनीच्या पॉलिसीत तू आहेस, बाबा आहेत. मी फक्त ऑनलाइन फॉर्म भरला. कार्डाचा रंग मला कुणी विचारलाच नाही."

"तुझ्या आजोबांनाही कुणी विचारला नव्हता," आम्रपाली म्हणाली. "मधल्यामध्ये जे राहिले ना, त्यांना विचारतात."

समितीचे अध्यक्ष अभय गद्रे हे सत्ताधारी पक्षाचे, नारायण पेठेतून चौथ्यांदा निवडून आलेले. त्यांनी बैठकीच्या आधीच तिला आपल्या खोलीत बोलावून घेतलं.

"बसा, ओव्हाळबाई. चहा घेणार? नाही? उत्तम. आमचाही वाचला." त्यांनी समोरची फाइल उघडली. "रुग्णालयाकडून हे संमतीपत्र आलंय. ऑपरेशनला संमती देणारा मुलगा. रुग्णाचं नाव इंदुबाई लोखंडे. मुलाची सही, रणजित शेलार, कात्रज. आईचं वय एकेचाळीस, मुलाचं अठ्ठावीस. विज्ञानाने फारच प्रगती केलीय, नाही?"

आम्रपालीने संमतीपत्रावरची सही पाहिली.

"कात्रजचे शेलार म्हणजे आमच्या रावसाहेबांचे कुणी लागतात का हो?"

तिला ते तोवर सुचलंच नव्हतं. कात्रजच्या बाजूला शेलारांची घरं पुष्कळ. "मला ठाऊक नाही, साहेब."

"आम्हाला आहे. चौकशी केली आम्ही. पण आम्ही बोललो तर राजकारण होतं. तुम्ही बोललात तर साक्ष होते." गद्रे पुढे झुकले. आवाज एकदम मऊ झाला. "आपण समितीपुढे एवढंच सांगायचं. ही बाई रावसाहेबांच्या घरातली होती, आणि पत्र द्या म्हणून आपल्यावर त्यांच्याकडून दबाव होता. आपल्या केसालाही धक्का लागणार नाही. योजनाही वाचेल. हजारो लोकांचा प्रश्न आहे, बाई."

"दबाव नव्हता, साहेब."

"ते मला ठाऊक आहे. सभागृहाला कुठे ठाऊक आहे?"

ती उठली तेव्हा त्यांनी दारापर्यंत सोबत केली. विचार करा म्हणाले. तिने तो दोन दिवस केला. हजारो लोकांचा प्रश्न आहे, हे काही खोटं नव्हतं. योजना बंद पडली तर खिडकीसमोरच्या रांगेचं काय होईल, हे तिच्याइतकं गद्र्यांनाही माहीत नव्हतं. एक छोटं खोटं आपण आधीच बोललोय. आता दुसरं बोललं तर सगळं सावरतंय. पण पहिलं खोटं एका बाईला जगवण्यासाठी होतं, आणि दुसऱ्याने त्याच बाईचं नाव गावभर होणार होतं.

रविवारी ती कात्रजला गेली. डेअरीच्या मागच्या बाजूला, नव्या इमारतींच्या दाटीत शेलारांचं तीन खोल्यांचं घर होतं. मुक्ताबाई ओट्यावर गहू निवडत होती. आम्रपालीला तिला ओळखायला क्षणभर वेळ लागला. ओठांना रंग होता. चेहरा भरला होता.

"बाई, तुम्ही?" मुक्ताबाई उभी राहिली, आणि न थांबता, न टेकता आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मागच्या खोलीतून एक ठेंगणी बाई बाहेर आली. ती इंदुबाई लोखंडे. पाच वर्षं ती मुक्ताबाईकडे भाड्याने राहत होती. रेशनकार्डावर तिचा जुनाच पत्ता होता, म्हणून रावसाहेबांच्या माणसांनी तिला शोधलं ते थेट मंडईत, तिच्या गाळ्यावर.

"म्हणजे घरमालकिणीचं कार्ड पांढरं आणि भाडेकरणीचं पिवळं," आम्रपाली म्हणाली.

"मीच दिलं कार्ड," इंदुबाई म्हणाली. "ही म्हणत होती नको. मी म्हटलं, मालकीण गेली तर मला एवढ्या भाड्यात खोली कोण देणार?" ती हसली आणि लगेच पदराने डोळे पुसायला लागली. "मंडईत चार माणसांत मला चोर म्हणाले हो. मी तोंडातून शब्द नाही काढला. हो, माझंच कार्ड, एवढंच म्हटलं."

आम्रपालीने जे सांगायला आली होती ते सांगितलं. संमतीपत्रावर रणजितची सही सापडली आहे, गद्र्यांना रावसाहेबांचं नातं कळलं आहे.

"रावसाहेब माझा चुलत दीर," मुक्ताबाई म्हणाली. "जमीन गेली तवा वाटणीवरनं भांडणं झाली. तवापासनं बोलणं नाय. आमचं घर इथं, त्यांचं वरच्या अंगाला, शाळेच्या पलीकडं. त्याच्याकडं एक चिठ्ठी मागितली असती तर नगरसेवकाच्या चिठ्ठीवर दाखला आठ दिवसांत मिळाला असता, असं रणजित म्हणायचा. मी म्हटलं, मेले तरी त्याच्या दारात जायाची नाय. मेलेच व्हते की मग."

"मी तुमचं नाव समितीपुढे घेणार नाही," आम्रपाली म्हणाली. "माझं जे आहे ते सांगणार. मला ठाऊक होतं, मी जाणूनबुजून सही केली."

"म्हणजे पाप माझं आन भोग तुमचा?"

"शिक्का माझा होता, मुक्ताबाई." मग तिने इंदुबाईकडे वळून, आपण हे आधीच सांगायला हवं होतं अशा चाचरत्या आवाजात सांगितलं, "वर्षातून एका कार्डावर एकच मोठा उपचार मिळतो. यंदा तुम्हाला काही झालं तर योजना तुमच्यासाठी नाही. आणि रुग्णालयात तुमच्या नावावर यांचं रक्त, यांचं हृदय लिहिलेलं आहे. उद्या तुम्ही तिथे बेशुद्ध होऊन गेलात, तर डॉक्टर ती फाइल बघतील."

इंदुबाईला हे पटकन उमगलं नाही. मुक्ताबाईला उमगलं. तिने सूप बाजूला ठेवलं. आम्रपाली निघाली तेव्हा ती ओट्यावर तशीच बसली होती.

बुधवारी समिती बसली. लांबट टेबलाच्या एका टोकाला गद्रे, दोन्ही बाजूंना चार सभासद, शेजारी आरोग्यप्रमुख, आणि समोर तक्रारदार म्हणून रावसाहेब शेलार. जाड भुवयांचे, पांढऱ्या कपड्यांतले, साठीला टेकलेले. आम्रपालीने त्यांना जवळून पहिल्यांदाच पाहिलं. ते नेहमी आवाज चढवूनच बोलतात, अशी ख्याती होती. त्या दिवशी ते खाली बघत बसले होते.

"पत्र क्रमांक वाचून दाखवलेला आहे," गद्रे म्हणाले. "सही आपली?"

"हो."

"रुग्ण इंदुबाई लोखंडे नाही, हे आपल्याला कळलं नव्हतं, असं समजायचं का?" हा त्यांनी तिला दिलेला आणखी एक दरवाजा होता.

"कळलं होतं. तीन आठवडे आधी त्या पांढरं कार्ड घेऊन आल्या होत्या. मी परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी ओळखलं, आणि पत्र दिलं."

आरोग्यप्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एक सभासद म्हणाला, "किती घेतलेत?"

"काही नाही."

"मग कशाला दिलंत?"

"त्या पुन्हा परत गेल्या असत्या तर तिसऱ्यांदा आल्या नसत्या."

"त्यांचं खरं नाव?" गद्र्यांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही, साहेब."

"आपल्यावर कुणाचा दबाव होता?"

"कुणाचाही नव्हता."

गद्र्यांनी सुस्कारा सोडला, जणू एखाद्या हुशार विद्यार्थ्याने पेपर कोरा दिला होता. त्यांनी फाइलमधून संमतीपत्र काढलं, सगळ्यांना दिसेल असं धरलं. "हरकत नाही. कागद बोलतात. या संमतीपत्रावर रुग्णाच्या मुलाची सही आहे. ती मी आता..." ते थांबले आणि रावसाहेबांकडे पाहत राहिले.

"वाचा की," रावसाहेब म्हणाले. "थांबलात कशापायी? रणजित शेलार. माझा पुतण्या. आन ती बाई माझी वहिनी हाय, मुक्ताबाई शेलार. लिहून घ्या."

गद्र्यांनी संमतीपत्र खाली ठेवलं.

"काल सांजच्याला माझ्या दारात आली," रावसाहेब सांगायला लागले. आवाज चढलेला नव्हता. "बारा वर्षांनी. आमच्या घराला चढ हाय, शाळेपासनं. तो चढ चढून आली आन उभ्या उभ्या बोलायला लागली. भावजी, यादीतलं सातवं नाव माझं. त्या इंदूला चोर म्हणू नका, चोर मी हाय. तिला धाप लागंना म्हणून मी बघत राहिलो. मग घरातल्या बायका सांगायला लागल्या, की धापेपायी ही तीन वर्षं उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. एका गावात राहतो आम्ही. मला ठाऊक नव्हतं." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "लोकांच्या घरचे पत्ते हुडकत हिंडलो मी."

"मग यादी मागे घेताय म्हणायची," गद्रे म्हणाले.

"नाय. यादी खरी हाय. कार्ड एकाचं, माणूस दुसरं, हे बोगसच. उद्या नाव बदललेल्या बाईला चुकीचं रक्त चढलं असतं तर कुणाला धरलं असतं? ते मी सोडणार नाय." ते आम्रपालीकडे वळले. "बाई, तुम्ही आमच्या घरातलं माणूस वाचवलंत. तरी तुमच्यावर कारवाई झाली पायजे, असं मी लिहून देणार हाय."

"द्या, साहेब," आम्रपाली म्हणाली. तिला राग आला नाही. इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच दोन्ही गोष्टी एका दमात बोललं होतं.

"आन उरलेल्या धा जणांच्या घरी मी सोता जाणार," रावसाहेब म्हणाले. "कोण हायेत ते न बघता नावं वाचली मी."

ते खरोखरच गेले, दहा दिवस, गाडी आणि एक वही घेऊन. दहापैकी सहा कार्डांवर उपचार घेतलेली माणसं मुक्ताबाईसारखीच निघाली. कुणाचं कार्ड जुन्या नोकरीच्या वेळचं, कारखाना बंद पडून सहा वर्षं झालेली. कुणाचं भावाच्या कार्डात नाव अडकलेलं. तीन कार्डधारकांना मात्र एका दलालाने गाठलं होतं आणि त्यांच्या कार्डांवर चांगल्या खात्यापित्या घरच्यांची ऑपरेशनं करवून घेतली होती. एक माणूस सापडलाच नाही.

मेअखेरीस विषय मुख्य सभेत आला. आम्रपाली तेव्हा निलंबित होती. ती साडी बदलून, पास काढून प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसली. शेजारी मुक्ताबाई येऊन बसली. ती रणजितच्या गाडीने आली होती.

रावसाहेब उठले आणि त्यांनी उपसूचना मांडली. योजना बंद करू नये. कार्डधारकाचं फोटोचं ओळखपत्र करावं. पत्र सुट्टीच्या दिवशीही मिळावं. आणि पांढरं कार्ड असलं तरी आजचं उत्पन्न बघावं. जमीन कधी काळी विकली होती ते नव्हे. त्यांच्याच बाकावरून कुणीतरी ओरडलं, "रावसाहेब, पार्टी कुठली आपली?" एक जण उठून म्हणाला, की ही योजना म्हणजे गळका हंडा आहे, महिनाभरापूर्वी तुम्हीच तो फेकून द्यायला निघाला होता.

"निघालो व्हतो," रावसाहेब म्हणाले. "हंडा गळतो म्हणून कुणी पाण्यावाचून राहत नाय. तांबटाकडनं डाख लावून आणतात. फेकणाऱ्याच्या घरात दुसरा हंडा असतो, म्हणून त्याला फेकायचं सुचतं. माझ्याही घरात व्हता."

सत्ताधाऱ्यांची पंचाईत वेगळीच होती. उपसूचना मान्य केली तर योजनेत दोष होते हे कबूल होतं. फेटाळली तर गरिबांच्या विरोधात मत पडतं. गद्र्यांनी पाऊण तास भाषण केलं. योजनेत दोष नव्हते, परंतु त्या नसलेल्या दोषांवर उपाय करण्यास आपली हरकत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. गॅलरीत हशा पिकला. गद्रे स्वतःही किंचित हसले. आम्रपालीला त्या क्षणी ते बरे वाटले. त्या माणसालाही योजना वाचवायचीच होती, फक्त स्वतःच्या पद्धतीने.

मुक्ताबाईने हळूच विचारलं, "काय ठरलं वो?"

"अजून नाही. बोलताहेत."

"लई बोलतात," मुक्ताबाई म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

संध्याकाळी मतदान झालं. विमा कंपनीचा प्रस्ताव दप्तरी दाखल झाला, म्हणजे फडक्यात बांधून कपाटात गेला. फोटोचं ओळखपत्र मंजूर झालं. सुट्टीच्या दिवशी पत्र देण्याचंही मंजूर झालं. पांढऱ्या कार्डाचा मुद्दा मात्र 'सखोल अभ्यासासाठी' समितीकडे परत पाठवला गेला. मुक्ताबाईसाठी जे सगळ्यात आधी व्हायला हवं होतं, तेच तेवढं राहिलं.

आम्रपालीच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या आणि जन्ममृत्यू नोंदणी विभागात तिची बदली झाली. शेलारांवर पोलीस केस झाली नाही. उपचाराचा खर्च रणजितने हप्त्यांनी भरायचा ठरला. रुग्णालयाने प्रतिज्ञापत्र घेऊन फाइलवरचं नाव बदललं. त्या कामासाठी आम्रपाली रजा टाकून दोन्ही बायकांबरोबर गेली होती. कारकुनाने "नक्की कोण कुठली?" असं तीनदा विचारलं तेव्हा इंदुबाई म्हणाली, "जिच्या छातीवर टाके आहेत ती मुक्ताबाई. माझ्याकडे फक्त भोपळे." मुक्ताबाई एवढी हसली, की टाके दुखले म्हणून छाती धरून बसली.

जुनी खिडकी आम्रपालीला आठवायची. कधी वाटायचं, शिक्षा कमीच झाली. इंदुबाईचं यंदाचं वर्ष आपण परस्पर कुणालातरी देऊन टाकलं, हे काही तिला विसरता येत नव्हतं. कधी मुक्ताबाई रक्ततपासणीला शहरात यायची आणि जाताना डोकावून जायची. ती गेल्यावर मग आम्रपालीला शिक्षेचं काही वाटायचं नाही.

ऑक्टोबरात एके दिवशी रावसाहेब जन्ममृत्यू विभागात आले. दाखल्यांसाठी आलेल्या माणसांच्या बाकावर, एका लेकुरवाळीच्या शेजारी बसून त्यांनी गर्दी ओसरायची वाट पाहिली.

"बाई, समिती म्हणती, पांढऱ्या कार्डाला वाव दिला तर बंगलेवालेही घुसतील. काय उत्तर देऊ?"

"काही जण घुसतीलच, साहेब."

"मग?"

"त्यांना ओळखायला माणसं नेमा. खिडकीत बसून ओळखू येत नाही. घरी जावं लागतं. तुम्ही गेलात ना दहा घरी?"

"माणसं नेमायला प्रशासन तयार नाय."

"मग भांडा. तुमचा आवाज कशासाठी आहे?"

रावसाहेबांनी भुवया उंचावल्या आणि खिशातून घडी घातलेला कोरा कागद काढला. "भांडतो. पण पहिल्यांदा लिहून द्यावं लागतं. ते तुम्ही सांगा, मला सरकारी भाषा जमत नाय."

आम्रपालीने पेन घेतलं आणि पहिलं वाक्य लिहून त्यांच्यापुढे सरकवलं. रावसाहेबांनी ते ओठ हलवत वाचलं आणि मान हलवली.

"हे सभागृहात कुणाला कळायचं नाय. सोपं लिहा."

तिने ते खोडलं आणि खाली नव्याने लिहायला घेतलं.